टोपीवाल्या सहा अक्षरांचा डॉक्टर

सीमाभागात वाढलेल्या माणसाला भाषेचा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी आणि बँकेच्या अर्जावर इंग्रजी, अशा वातावरणात आपली मुले मोठी होतात. कोणत्या दुकानावर कोणत्या लिपीची पाटी आहे, हे आपल्याकडे लहान पोरसुद्धा पाहून ठेवते. या भाषा विशेषांकासाठी कोणावर लिहावे याचा विचार चालला असताना आम्हाला अशाच एका बहुभाषिक गावात जन्मलेल्या माणसाची आठवण झाली. गाव दूर पोलंडातले आणि माणूस जाऊनही शंभरांहून अधिक वर्षे झालेली. पण त्याने सोसलेला प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

या माणसाचे नाव डॉ. लुडविक लाझार झामेनहॉफ. पेशाने ते डोळ्यांचे डॉक्टर. एस्पेरांतो या नावाने जगभर ओळखली जाणारी भाषा त्यांनी तरुण वयात घडवली, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्या भाषेतील सहा अक्षरांच्या डोक्यावरच्या चिन्हांनी या सज्जन गृहस्थाला जन्मभर छळले आणि त्यांच्या मृत्यूनंतर संगणकाच्या कळफलकापर्यंत तो छळ चालूच राहिला, ही हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती आज सांगावी असे आम्हाला वाटते.

चार भाषांचे गाव

लुडविकचा जन्म 15 डिसेंबर 1859 रोजी बिअलिस्टॉक या गावी झाला. हे गाव आज पोलंडच्या ईशान्य भागात आहे. त्या काळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. गावात ज्यू लोकांची वस्ती मोठी, आणि त्यांची बोली यिडिश. त्याखेरीज पोलिश होते, जर्मन होते, सरकारी अंमलदार रशियन होते आणि आसपासच्या खेड्यांतून बेलोरशियन शेतकरी येत. बाजाराच्या दिवशी हे सारे एका चौकात जमत आणि साध्या देण्याघेण्यावरून एकमेकांवर धावून जात. आपले म्हणणे दुसऱ्याला कळत नाही आणि कळले तरी तो आपला नाही, ही त्या भांडणामागची खरी गोष्ट होती. झामेनहॉफ यांचे घराणे ज्यू असल्याने सगळ्यांच्या रोषाचा वाटा त्यांच्या वाट्याला अधिक येई. लुडविकच्या मनावर या दृश्याचा जो परिणाम झाला तो कायमचा.

वडील मार्कुस हे भाषांचे शिक्षक, स्वभावाने कडक आणि शिस्तीचे. आई रोझालिया मायाळू आणि श्रद्धाळू. 1873 मध्ये हे कुटुंब वॉर्सा येथे राहावयास आले. तेथल्या शाळेत लुडविक लॅटिन, ग्रीक, जर्मन, फ्रेंच शिकला आणि पुढे इंग्रजीशी त्याची ओळख झाली. इंग्रजीचे व्याकरण पाहून तो चकित झाला. क्रियापदांची इतकी रूपे पाठ केल्यावाचूनही भाषा चालते, हे त्याला प्रथमच दिसले. एके दिवशी रस्त्यातून जाताना त्याचे लक्ष दोन रशियन पाट्यांकडे गेले. एक दरवानाच्या खोलीची, दुसरी मिठाईच्या दुकानाची. दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच प्रत्यय होता. ही पाटी तो रोज पाहत होता, पण त्या दिवशी त्याला उलगडा झाला. मूळ शब्द थोडे ठेवायचे आणि ठरावीक प्रत्यय लावून त्यांतून शेकडो शब्द काढायचे. शब्दकोशाचे ओझे एकदम हलके झाले. संस्कृत आणि मराठीच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ही युक्ती दुकानाच्या पाटीवर सापडावी, याचे कौतुक वाटते.

1878 च्या डिसेंबरमध्ये लुडविकने वर्गातल्या काही मित्रांना घरी बोलावून आपल्या नव्या भाषेचा वाढदिवसच साजरा केला. मित्रांनी त्या भाषेत गाणे म्हटले, चार शब्द बोलले आणि पुढे परीक्षा संपल्यावर बहुतेकांनी तो विषय सोडून दिला. मुलगा डॉक्टर व्हावा अशी वडिलांची इच्छा होती. मॉस्कोला वैद्यकीय शिक्षणासाठी जाताना त्याला सगळे कागद घरी ठेवून जावे लागले. परत आल्यावर वडिलांनी ते जाळून टाकल्याचे त्याला कळले, असे सांगतात. तसे असेल तर त्याने पुढे जे केले ते अधिकच मोठे. आठवणीतून त्याने भाषा पुन्हा मांडली, तपासली, स्वतःशी तीत विचार करून पाहिला आणि जे अडखळते ते काढून टाकले.

हुंड्याच्या पैशातून पुस्तक

1885 मध्ये झामेनहॉफ डॉक्टर झाले. खेड्यात काही काळ दवाखाना घातला, पण मरणाऱ्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची दुःखे पाहणे त्यांच्या हळव्या मनाला झेपेना. म्हणून त्यांनी वॉर्सा आणि व्हिएन्ना येथे नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेतले. 1887 मध्ये क्लारा झिल्बर्निक हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुस्तक छापण्यास प्रकाशक मिळत नव्हता. सासरे अलेक्सांडर झिल्बर्निक यांना जावयाची ही धडपड पसंत होती. हुंड्याच्या पैशातून पुस्तक छापण्यास त्यांनी संमती दिली. आपल्याकडे हुंड्याच्या पैशाचे काय काय होते हे आपण जाणतोच. एका भाषेचे पहिले पुस्तक त्यातून निघाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी माहितीत नाही.

26 जुलै 1887 रोजी वॉर्सात ते चाळीसएक पानांचे रशियन पुस्तक बाहेर पडले. लेखकाने स्वतःचे नाव घातले नाही. डॉक्टर एस्पेरांतो असे टोपणनाव घेतले. त्याचा अर्थ आशा बाळगणारा. पुढे लोकांनी तेच नाव भाषेला देऊन टाकले. पुस्तकात व्याकरणाचे 16 नियम होते आणि नऊशेच्या वर मूळ शब्द होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या भाषेवरचा आपला सर्व हक्क लेखकाने तेथल्या तेथे सोडून दिला होता. भाषा ही सगळ्यांची मालमत्ता आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले. या वचनाची किंमत त्यांना सात वर्षांनी मोजावी लागली. 1889 मध्ये भाषा शिकलेल्यांची पहिली नामावली निघाली तीत एक हजार नावे होती, आणि त्यांतील बहुतेक रशियन साम्राज्यातली.

सहा टोप्या

आता त्या अक्षरांकडे वळू. एका अक्षराला एकच उच्चार आणि एका उच्चाराला एकच अक्षर, हा झामेनहॉफ यांचा आग्रह होता. रोमन लिपीत तेवढी अक्षरे नाहीत. म्हणून क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही चार अक्षरे त्यांनी वगळली आणि सहा नवी घडवली. सी, जी, एच, जे आणि एस या पाच अक्षरांच्या डोक्यावर घराच्या छपरासारखी छोटी टोपी ठेवली. यू या अक्षरावर मात्र टोपीऐवजी उताणी कोर ठेवली. आपण ऑफिसमधल्या ऑ वर चंद्र देतो ना, तसाच तो चंद्र. अशी एकूण 28 अक्षरे झाली.

ही टोपी कशासाठी, हे मराठी माणसाला चटकन कळेल. आपण चार माणसे लिहितो आणि गुरांचा चारा लिहितो. दोन्हीकडे च एकच, पण उच्चार दोन. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द कागदावर सारखे दिसतात, तोंडात मात्र वेगळे येतात. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे आपोआप येते. कन्नड किंवा हिंदी घरातून आलेला माणूस मात्र येथे हमखास फसतो आणि आपण त्याला हसतो. झामेनहॉफ यांनी हा घोटाळा होऊ दिला नाही. त्यांच्या भाषेत चाऱ्यातला च साध्या सीने लिहायचा आणि चार मधला च टोपीवाल्या सीने. साधा एस म्हणजे स, टोपीवाला एस म्हणजे श. साधा जे हा य सारखा उच्चारायचा आणि टोपीवाला जे फ्रेंच लोक उच्चारतात त्या मऊ ज सारखा. ज्याला वाचता येते त्याला अचूक उच्चारता येते. परक्याची फजिती व्हायला जागाच उरत नाही. बिअलिस्टॉकच्या बाजारात उच्चारावरून माणूस ओळखून त्याला हिणवणारे लोक ज्याने पाहिले होते, त्याला ही गोष्ट किरकोळ वाटणे शक्यच नव्हते.

पण छापखान्यांचे काय? खिळे जुळवण्याच्या त्या काळात प्रत्येक टोपीवाल्या अक्षराचा खिळा वेगळा ओतवून घ्यावा लागे. सगळ्याच छापखान्यांना ते परवडणारे नव्हते. फ्रेंच टंकयंत्रावर टोपीची एक स्वतंत्र कळ असे. ती दाबली की टोपी उमटे, पण कागद पुढे सरकत नसे, मग त्याच जागी हवे ते अक्षर मारायचे. इतर देशांतल्या यंत्रांवर ती सोय नव्हती आणि यू वरच्या चंद्राला तर फ्रेंच यंत्रही उपयोगी नव्हते. ज्यांच्याकडे ही अक्षरे नसतील त्यांनी टोपीऐवजी अक्षरापुढे एच लावावा आणि चंद्र सोडून द्यावा, अशी सवलत झामेनहॉफ यांनीच दिली होती. तीही निर्दोष नव्हती. विमानतळाला एस्पेरांतोत फ्लुगहावेनो म्हणतात. फ्लुग म्हणजे उड्डाण आणि हावेनो म्हणजे बंदर. येथे जी आणि एच ही दोन खरी अक्षरे शेजारी येतात. एच ला टोपी समजून वाचणारा फसलाच.

निर्माता हरला, भाषा जिंकली

तक्रारी वाढत गेल्या. ला एस्पेरांतिस्तो हे त्यांचे मासिक 1889 पासून जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून निघत होते. भाषेत सुधारणा करा, असा दबाव त्यावर येऊ लागला. अखेर 1894 मध्ये झामेनहॉफ यांनी स्वतःच मोठ्या बदलांचा मसुदा मांडला. त्यात टोपीवाली अक्षरे काढून टाकण्याचीही सूचना होती. निर्णय मात्र त्यांनी वर्गणीदारांच्या मतावर सोपवला. मते मोजली गेली तेव्हा बहुमत कोणताही बदल नको या बाजूने पडले. ज्या माणसाने अक्षरांना टोप्या घातल्या त्यालाच त्या उतरवू देण्यास लोकांनी नकार दिला. त्यांनी तो निकाल मुकाट्याने मान्य केला. आम्हाला त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. भाषा बोलणाऱ्यांच्या मालकीची असते असे म्हणणारे पुष्कळ असतात. आपल्याविरुद्ध निकाल लागल्यावरही ते मानणारे थोडे.

पुढच्या वर्षी टॉलस्टॉय यांचे लेखन छापल्यामुळे रशियन सरकारने या मासिकावर बंदी घातली आणि बहुसंख्य वाचक गमावल्याने ते बंद पडले. डॉक्टरांचा संसारही ओढगस्तीचाच होता. हुंडा केव्हाच संपला होता. खेरसन, ग्रोड्नो अशी गावे करून 1898 च्या सुमारास ते वॉर्सातील डिझका रस्त्यावर स्थिरावले. ही गरीब ज्यूंची वस्ती. दिवसभर अल्प मोबदल्यात डोळे तपासायचे आणि रात्री दिव्यापुढे बसून पत्रांना उत्तरे द्यायची, भाषांतरे करायची, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. शेक्सपियरचे हॅम्लेट त्यांनी 1894 मध्येच एस्पेरांतोत आणले होते.

1905 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील बूलोन-स्युर-मेर येथे पहिले जागतिक एस्पेरांतो संमेलन भरले. 20 देशांतून 688 माणसे आली. पत्रांतून एकमेकांना ओळखणारी ही माणसे प्रथमच समोरासमोर बोलली आणि दुभाष्यावाचून एकमेकांना समजली. झामेनहॉफ यांच्या आयुष्यातील हा परमोच्च क्षण. त्याच वर्षी फुंदामेंतो हा भाषेचा पायाभूत ग्रंथ निघाला. त्यातील नियम कोणी बदलू नयेत, खुद्द लेखकानेही नाही, असे ठरले. टोप्यांवर त्या दिवशी कायमचे शिक्कामोर्तब झाले.

दोनच वर्षांनी खरी कसोटी आली. आंतरराष्ट्रीय भाषा निवडण्यासाठी पॅरिसमध्ये जमलेल्या विद्वानांच्या समितीपुढे 1907 मध्ये इदो नावाचा सुधारित आराखडा ठेवण्यात आला. त्यात टोप्या नव्हत्या. कोणत्याही यंत्रावर तो सहज लिहिता येत होता. काही नामांकित पुढारी तिकडे गेले, झामेनहॉफ यांचे जवळचे सहकारी द बोफ्राँ हेही गेले. सामान्य बोलणारे मात्र बहुतेक जुन्याच भाषेशी राहिले. इदो आजही आहे, पण बोलणारे मोजके. लिहायला सोपी म्हणून भाषा टिकते असे नाही, हा धडा यात आहे. भाषेत माणसांचे स्नेह, पत्रे, भांडणे आणि आठवणी जमा झालेल्या असतात. त्या सोयीच्या तराजूत तोलता येत नाहीत.

1912 मध्ये क्राकोच्या संमेलनात त्यांनी चळवळीतील सर्व मानाची पदे सोडली. 1914 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दहावे संमेलन भरायचे होते. झामेनहॉफ पतिपत्नी निघालीही होती. कोलोन येथे पोचली आणि महायुद्ध पेटले. स्कँडिनेव्हियाच्या लांब वळशाने त्यांना घर गाठावे लागले. हृदयविकाराने खचलेल्या डॉक्टरांनी युद्धाच्या गर्दीतही बायबलच्या जुन्या कराराचे भाषांतर पुरे केले. 14 एप्रिल 1917 रोजी जर्मन सैन्याच्या ताब्यातील वॉर्सात त्यांचे निधन झाले. वय अवघे 57.

त्यांच्या मुलांचे जे झाले ते सांगताना हात थरथरतो. मुलगा आदाम हाही नेत्रवैद्य. नाझींनी त्याला 1940 मध्ये गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिडिया या दोघी मुली 1942 मध्ये ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत मारल्या गेल्या. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याचे घर द्वेषाच्या आगीत गेले.

कळफलकावरची लढाई

भाषा मात्र मेली नाही. टोप्यांचे दुखणे तेवढे नव्या रूपाने पुढे आले. 1963 मध्ये अमेरिकेत संगणकासाठी आस्की ही संकेतप्रणाली ठरली. तीत एकंदर 128 जागा. इंग्रजीची अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसली की घर भरले. टोपीवाल्यांना जागा नव्हती, आणि आपल्या अ आ ई लाही नव्हती. त्या काळात एस्पेरांतो लिहिणाऱ्यांनी एक युक्ती काढली. एक्स हे अक्षर भाषेत नाहीच, तेव्हा टोपीऐवजी अक्षरापुढे एक्स लिहायचा. एच मुळे होणारा घोटाळा यात होत नाही आणि शब्दांचा अकारविल्हे क्रमही बव्हंशी नीट लागतो. दिसायला ते ओबडधोबड, पण काम भागले. 1988 मध्ये एका आंतरराष्ट्रीय मानकात माल्टी भाषेबरोबर या अक्षरांना जागा मिळाली. अडचण अशी की, एका मानकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की टोप्यांच्या जागी भलतीच चिन्हे येत.

ही व्यथा मराठी वर्तमानपत्रांत काम केलेल्यांना सांगायला नको. एका फाँटमध्ये केलेली बातमी दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर किड्यामुंग्यांची रांग दिसावी, हा अनुभव आम्ही वर्षानुवर्षे घेतला. ऐन रात्री पान लावायच्या वेळी अख्खा लेख पुन्हा टाइप केल्याचे प्रसंग आमच्या स्मरणात आहेत.

1991 मध्ये युनिकोड आले आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. टोपीवाल्या सीचा क्रमांक 265, आपल्या अ चा 2309 आणि ळ चा 2355. एका डॉक्टरच्या कल्पनेतली अक्षरे आणि ज्ञानोबा-तुकोबांची अक्षरे एकाच यादीत बसली. आज लिनक्सच्या संगणकावर एस्पेरांतोचा कळफलक निवडता येतो. विंडोजवर छोटी आज्ञावली बसवली की सी आणि एक्स लागोपाठ दाबताच टोपी आपोआप चढते. जुनी युक्ती वाया गेली नाही, ती हाताशी राहिली आणि अक्षरे पूर्ण रूपात परत आली.

ही कथा आम्ही सांगितली ती केवळ कुतूहल म्हणून नाही. आज मराठीला युनिकोड आहे, इनस्क्रिप्टचा कळफलक आहे, प्रत्येक फोनवर देवनागरी आहे. तरीही आपली शिकलेली मुले आईला निरोप पाठवताना रोमन अक्षरांत मराठी लिहितात. त्यात काळ आणि काल यांतला फरक जातो. कारण विचारले तर घाई. टोपीवाल्या अक्षरांच्या लोकांकडे शंभर वर्षे यंत्र नव्हते आणि तरी त्यांनी अक्षर सोडले नाही. आपल्या खिशात यंत्र आहे आणि आपण अक्षर सोडत आहोत. सीमाभागात पाटीवरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. पण ज्या पाटीवर आपला स्वतःचा अंगठा फिरतो तेथे मराठी ठेवायला कोणत्या सरकारची परवानगी लागते?

डिझका रस्त्यावरचा तो डॉक्टर दिवसभर गरिबांचे डोळे तपासत असे. बारीक अक्षर दिसते का, एवढेच तो रुग्णांना विचारत असेल. आपणही आज रात्री घरी फोन हाती घेतल्यावर स्वतःला तेवढेच विचारावे. एक निरोप देवनागरीत लिहून पाहावा. ळ जागेवर आहे की नाही, ते पाहावे.